लखनौची रेसिडेन्सी पाहिलीत का? अनुभव लिहा

मागच्या महिन्यात लखनौला गेले होते. रिक्षावाल्याला 'रेसिडेन्सी' (अवधच्या दरबारातल्या इंग्रज रेसिडेंटचं आवार) म्हटलं, तर म्हणाला, "बेलीगारद ना?" बेली गार्ड दरवाजावरून पडलेलं हे तिथलं नाव. आत छपरं उडालेल्या कोठ्या, पातळ लखौरी विटांच्या भिंती आणि सगळीकडे तोफगोळ्यांचे खड्डे. एका खड्ड्यात माझी मूठ सहज मावली. आतली वीट अजून भुसभुशीत आहे, बोटांना लाल भुकटी लागली. १८५७ च्या उठावात ३० जूनला आतल्या इंग्रजांभोवती बंडवाल्यांचा वेढा पडला, पहिली कुमक पोचली २५ सप्टेंबरला. शाळेत हे एका ओळीत उरकलं होतं. तिथे मात्र पाय निघेना. तुम्हाला काय वाटलं, ते सविस्तर लिहा.

*

मी दोनदा गेलोय. बाहेर रणरणतं ऊन होतं, तळघरात उतरलो तर एकदम गारवा. वेढ्यात गोऱ्या सोजिरांची बायकापोरं इथे दडून होती. अवधचा इंग्रज मुख्य आयुक्त हेन्री लॉरेन्स, त्याच्या खोलीत १ जुलैला गोळा फुटला, पण तो बचावला. त्याने खोली बदलली नाही. दुसऱ्या दिवशी तिथेच दुसरा गोळा पडला आणि ४ जुलैला तो गेला. संग्रहालयात पूर्ण आवाराची प्रतिकृती आहे, ती आधी बघा, मग बाहेर फिरताना कुठली कोठी कुठे होती ते कळतं.

*

मला दफनभूमीने हलवलं. दगडांवर नाव, हुद्दा, वय. तान्ह्या मुलांचीही थडगी आहेत. माझं मन मात्र दुसरीकडे होतं. आतून लढणाऱ्यांत सुमारे ७०० हिंदी शिपाई होते. बेली गार्डजवळ त्यांच्यासाठी १८७५ सालचा स्तंभ आहे, त्यावर पलटणींची नावं आहेत. आणि अवधमधल्या उठावाचं नेतृत्व करणाऱ्या बेगम हजरत महलच्या बाजूने बाहेरून लढून मेलेले? त्यांच्यासाठी मी रस्ता ओलांडून गोमतीकाठच्या शहीद स्मारकावर गेलो. ते १९५७ मध्ये झालं, पूर्ण शंभर वर्षांनी. हे मला फार लागलं.

*

सकाळी लवकर जा, गर्दी नसते. भिंतींवर लोकांनी नावं कोरलीत, बघून जीव तुटतो.

*

मनापासून आभार. स्तंभाचं वाचून चुटपुट लागली. मी बेली गार्डपाशीच सावलीत बसून पाणी प्यायले आणि पुढे निघाले, मजकूर वाचलाच नाही. मार्चमध्ये पुन्हा कानपूरला जायचंय, तेव्हा वाट वाकडी करून त्या पलटणींची नावं उतरवून आणते आणि इथे लिहिते.