हिंसा मुळातच वाईट, की शास्त्र तसं म्हणतं म्हणून वाईट?

पूर्वपक्षी: ‘मा हिंस्यात् सर्वा भूतानि’ (कोणत्याही जिवाची हिंसा करू नये) हा निषेध आणि ‘अग्नीषोमीयं पशुमालभेत’ (अग्नी-सोमासाठी पशूचा बळी द्यावा) हा विधी. दोन्ही वचनं श्रुतीची, म्हणजे वेदाचीच मानतात. मग चांगलं-वाईट कृतीत असतं की आज्ञेत? आज्ञेतच असेल तर आज्ञा फिरली की वाईटाचं चांगलं होणार. मीमांसक (वेदवाक्यांचा अर्थ लावणारं दर्शन मानणारे) आणि सांख्य दर्शनाचे लोक यावर नेमकं काय म्हणतात? ‘सगळं सापेक्ष आहे’ एवढ्यावर कृपया थांबू नका.

विधिनिषेध: मीमांसकांच्या मते विशेष विधीमुळे सामान्य निषेधाला मर्यादा पडते, त्यामुळे यज्ञातल्या पशुवधाला तो निषेध लागूच होत नाही. पण यावरून ‘आज्ञा आली की सगळं चांगलं’ असं समजणं चूक आहे. श्येनयाग बघा: ‘श्येनेनाभिचरन् यजेत’. शत्रूचा घात करू पाहणाऱ्यासाठी सांगितलेला याग, आणि हेही वेदवाक्यच! तरी मीमांसेचा मूळ ग्रंथ असलेल्या जैमिनिसूत्रातल्या १.१.२ वरच्या भाष्यात भाष्यकार शबरस्वामी स्पष्ट सांगतात की श्येन कर्तव्य म्हणून सांगितलेला नाही; ज्याला घात करायचाच आहे त्याला फक्त उपाय सांगितला आहे. घाताची इच्छा त्या माणसाची, वेदाने ती उत्पन्न केलेली नाही. तेव्हा विधिवाक्य वाचताना आधी साधन कोणतं ते बघायचं, मग फळ कोणाच्या इच्छेने आलं ते. या दोन्हींची सरमिसळ झाली की मीमांसा म्हणजे आंधळं आज्ञापालन वाटू लागते.

कारिका२: विशेष विधीमुळे निषेधाला मर्यादा पडते, यालाच टीकाकार वाचस्पती मिश्रांनी सांख्यकारिका या सांख्य ग्रंथाच्या दुसऱ्या कारिकेवर (श्लोकावर) हरकत घेतली आहे. एका वाक्याने दुसऱ्याचा बाध व्हायला (ते रद्द ठरायला) आधी दोघांत विरोध हवा. इथे तो आहेच कुठे? निषेध सांगतो की हिंसेने करणाऱ्याचं अनिष्ट होतं. विधी सांगतो की पशुवध यज्ञाला उपकारक आहे. पाप लागत नाही, असं तो कुठेच म्हणत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. मला हाच पक्ष भक्कम वाटतो, कारण ‘करावं लागलं, तरी वाईटच’ असं म्हणायला त्यात जागा राहते.

पूर्वपक्षी: म्हणजे वाईटपणा कृतीतच? मग नकळत मुंगी चिरडली तर?

पंचांग: पाली अट्ठकथांमध्ये, म्हणजे बौद्ध ग्रंथांवरच्या टीकांमध्ये, प्राणातिपाताची (जीव घेण्याची) पाच अंगं दिली आहेत: प्राणी असणं, तो सजीव आहे हे ठाऊक असणं, मारण्याचा हेतू, त्यासाठी प्रयत्न आणि त्यातून मृत्यू. एक जरी नसलं तरी तो प्राणातिपात नव्हे. मुंगीच्या बाबतीत हेतूच नाही. जैनांची व्याख्या मात्र अधिक कडक आहे. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात ‘प्रमत्तयोगात् प्राणव्यपरोपणं हिंसा’ (बेसावध वागण्यातून जीव घेणं ही हिंसा) म्हटलंय, म्हणजे बेसावधपणाही दोषात धरला. खाली बघून चालणाऱ्याच्या पायाखाली मुंगी आली आणि न बघता चालणाऱ्याच्या पायाखाली आली, तर बौद्ध हिशेबात दोघंही सुटतात, जैन हिशेबात दुसरा अडकतो.

विधिनिषेध: ‘सापेक्ष’ या शब्दाबद्दल थोडं. तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९७७ मध्ये वस्तुनिष्ठ (कोणाच्या मतावर अवलंबून नसलेली) मूल्यं नाहीतच असं मांडलं, तेव्हा अनेकांनी त्यांना सापेक्षतावादी ठरवलं. ते चूक आहे. सापेक्षतावादी म्हणतो, ‘इथे खरं, तिथे खोटं’. मॅकींच्या मते असे नैतिक दावे सगळीकडेच खोटे. त्यांचा मुख्य युक्तिवाद असा: नुसत्या असण्यानेच आपल्याला कृती करायला भाग पाडेल अशी वस्तुस्थिती जगातल्या इतर कशासारखीच नाही, म्हणून ती मानायला आधार नाही. यावरचा नेहमीचा आक्षेप असा की ‘पुरावा असेल तर मानावं’ हाही एक दंडकच आहे, मग तोही टाकावा लागेल. पूर्वपक्षी, आधी हा आक्षेप तपासून बघा.