मालवणला एक दिवस पुरेल का?

पोहता येत नसेल तर मालवणात स्कूबा (हवेची नळी तोंडात धरून पाण्याखाली जाणं) करावं का आणि एक दिवस पुरेल का, असे दोन प्रश्न आलेत. पहिल्याचं उत्तर, बिनधास्त करा. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना उथळ पाण्यातच नेतात आणि प्रशिक्षक सोडत नाही. तोंडाने श्वास घ्यायचा, कान दडपले की नाक दाबून हळूच हवा फुंकायची, बस्स. दमा, हृदयविकार किंवा साधी सर्दी असेल तर मात्र नको. सर्दीत कान फार दुखतात. प्रवाळावर पाय ठेवू नका, १९८७ पासून हे सागरी अभयारण्य आहे. मासे जवळ यावेत म्हणून काही जण पाव टाकतात, तो प्रकार मला तरी पटत नाही.

पावसाळ्यात हे सगळं बंद. पाणी नितळ हवं तर डिसेंबर-जानेवारी गाठा.

एक दिवस मात्र कमीच. कुडाळ स्टेशनवरून मालवण साधारण ३० किमी, त्यातच वेळ जातो. सकाळी किल्ला (तिथलं शिवाजी महाराजांचं शिवराजेश्वर मंदिर चुकवू नका), संध्याकाळी किनाऱ्यावरचा मासळीचा लिलाव. तारकर्लीचा किनारा आणि देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम दुसऱ्या दिवशी. जेवणात सुरमईच्या मागे न लागता ताजं काय आलंय ते विचारा.