गणित-संख्याशास्त्रात ऑनर्स: तुमचे अनुभव लिहा

भाची यंदा बारावी झाली. इंजिनीअरिंगचे फॉर्म बाजूला ठेवून तिने गणित-संख्याशास्त्र ऑनर्सचं नाव काढलं आणि घरात 'मग पुढे काय, शाळेत शिकवणार का?' सुरू झालं. मी वाणिज्य शाखेचा, तिला काय सांगणार? ज्यांनी ही पदवी घेतली, घेताहेत किंवा अर्ध्यात सोडली, त्या सगळ्यांनी लिहा. पगाराचे आकडे नकोत. कुठे अडलात आणि कशाच्या आधाराने पुढे गेलात, तेवढं सांगा.

पुणे, बारावीपर्यंत मराठी माध्यम
बारावीला गणितात पैकीच्या पैकी. एफवायला रिअल अॅनालिसिस (कॅल्क्युलसमागच्या काटेकोर सिद्धतांचा विषय) सुरू झालं आणि महिन्याभरात सगळा आत्मविश्वास गेला. 'प्रत्येक एप्सिलॉनसाठी असा एक डेल्टा असतो की...' हे वाक्य (एप्सिलॉन म्हणजे उत्तरात चालेल एवढा फरक, डेल्टा म्हणजे त्यासाठी x किती जवळ ठेवायचा ते अंतर) इंग्रजीत कळेना, म्हणून मराठीत लिहून काढलं. तरी कळेना. म्हणजे अडचण भाषेची नव्हती.

एकदा सरांनी फळ्यापाशी बोलावलं. "एप्सिलॉन मी देणार, वाटेल तेवढा लहान देईन. डेल्टा तू शोधायचास. आधी कोण बोलणार?"
"तुम्ही."
"मग तुझा डेल्टा कशावर ठरणार?"

त्या क्षणी वाक्यातला क्रम दिसला. पुढे सांतत्य (ढोबळमानाने, आलेख कुठे न तुटणं) आणि एकसमान सांतत्य यांतला फरकही त्याच खेळातून सुटला. साध्या सांतत्यात सर बिंदू आधी सांगतात, मग मी डेल्टा निवडते. एकसमान असेल तर एप्सिलॉन कळला की बिंदू कळण्याआधीच डेल्टा द्यायचा, नंतर सर कुठलाही बिंदू घेवोत, तो चाललाच पाहिजे. बारावीपर्यंत उत्तर काढायचं असतं. इथे उत्तर प्रश्नातच छापलेलं असतं आणि ते खरं का, हे लिहायचं असतं. हे कुणी जूनमध्येच सांगितलं असतं तर माझी पहिली सहामाही रडण्यात गेली नसती.

कोलकाता, बीस्टॅट (संख्याशास्त्रातली ऑनर्स पदवी)
मी सातारा जिल्ह्यातला. लहानपणी आमच्या ज्वारीत पीक कापणी प्रयोग (छोट्या तुकड्यातलं पीक कापून, तोलून एकरी उतारा काढणं) व्हायचा. कृषी सहायक टेप, सुतळी, खुंट्या घेऊन यायचे आणि कागदावरचे आकडे बघून एक तुकडा आखायचे. आजोबा दरवेळी म्हणायचे, "एवढं चांगलं पीक सोडून नेमका हाच कोपरा का हो?"

भारतीय सांख्यिकी संस्थेत नमुना पाहणीच्या तासाला त्या 'का'चं उत्तर मिळालं. तुकडा माणसाने निवडला तर त्याचा डोळा चांगल्या पिकाकडेच जातो, म्हणून निवड यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारख्या, आकड्यांवर सोडायची. तेवढ्यानेही भागत नाही. तुकडा फार लहान घेतला तर कडेवरची ताटं कापणारा नकळत आत धरतो आणि एकरी उतारा फुगतो. १९४० च्या दशकात यावरून लहान तुकडे वापरणारे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस एका बाजूला आणि मोठे तुकडे हवेत म्हणणारे पां. वा. सुखात्मे, वि. गो. पानसे दुसऱ्या बाजूला, असा मोठा वाद झाला होता. सुखात्मे आमच्याच जिल्ह्यातल्या बुध गावचे. महालनोबिसांनी उभारलेल्या संस्थेत बसून मी सुखात्म्यांची बाजू वाचत होतो, आणि डोळ्यांसमोर आमचं रान होतं. त्या संध्याकाळी आजोबांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पीकविम्याला कुठला आकडा धरतात?" तो प्रश्न घेऊन मी दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो.

लेस्टर, इंग्लंड
इथल्या ओपन युनिव्हर्सिटीत प्रवेशाला आधीच्या गुणांची अट नसते. ३६० श्रेयांकांची (क्रेडिट्सची) ऑनर्स पदवी मी वर्षाला ६० श्रेयांक घेत सहा वर्षांत केली. नोकरी, दोन मुलं, अभ्यास रात्री दहानंतर. मध्यवर्ती सीमा प्रमेय (पुष्कळ सरासऱ्या काढल्या तर त्या मधल्या आकड्याभोवती घंटेच्या आकारात जमतात, असं सांगणारं) पुस्तकातून पटत नव्हतं, तेव्हा मुलांना फासे दिले. दहा वेळा टाका, सरासरी काढा, तक्त्यावर त्या जागी राजम्याचा एक दाणा ठेवा. तासाभराने साडेतीनच्या आसपास ढीग झाला, एक आणि सहाकडे एकही दाणा नाही. धाकटा म्हणाला, "आई, हे आपोआप कसं होतं?" सिद्धता मी त्यानंतर वाचली, आणि पहिल्यांदा भुकेने वाचली.

नागपूर
मला ग्रुप थिअरीत (अमूर्त बीजगणिताचा एक भाग) एटीकेटी लागली. सिद्धता पाठ केल्या होत्या, पेपरात गृहीतक थोडं बदललं आणि लिहिता आलं नाही. दुसऱ्या वेळी प्रत्येक प्रमेयातली एकेक अट काढून टाकून ते कुठे मोडतं याची उदाहरणं वहीत जमवली. ती वही अजून आहे.

धागाकर्ता
सगळं भाचीला वाचून दाखवलं. तिचा प्रश्न: कॉलेज सुरू व्हायला दोन महिने आहेत, तोवर काय करू?

पुणे
२ चं वर्गमूळ अपरिमेय का, हे आईला समजावून सांग. आई जिथे "असं का गं?" म्हणेल, तिथे थांब आणि तेवढी ओळ पुन्हा लिही.