मदत हवी आहे: एएचपी (जोडीजोडीने तुलना करून पर्यायांचा क्रम लावायची पद्धत) शीटमध्ये सीआर (मतांमधल्या विसंगतीचं प्रमाण) ०.१७ येतोय, शिवाय पर्याय वाढवला की क्रम बदलतो

पुरवठादार निवडीसाठी स्प्रेडशीटमध्ये एएचपी मांडलंय. निकष ६, पर्याय ४, मत देणारे ५ जण. पट्टी १ ते ९ ची. पाचही जणांच्या आकड्यांची भूमितीय सरासरी घेऊन एकच मॅट्रिक्स केलंय (साध्या सरासरीत उलट्या जोडीचा व्यस्तांक जुळत नाही).

लॅम्डा मॅक्स (मॅट्रिक्सचं सर्वांत मोठं आयगेन मूल्य) ७.०५. म्हणजे सीआय (विसंगतीचा निर्देशांक) = (७.०५ − ६) ÷ ५ = ०.२१, ६ निकषांचा आरआय (आकडे यादृच्छिक भरले तर येणारा सरासरी सीआय) १.२४ धरला तर सीआर = सीआय ÷ आरआय = ०.१७. चालतो ०.१० पर्यंतच. एक जोडी तर उघडच खटकते: किंमत दर्जाच्या ३ पट, दर्जा मुदतीच्या ३ पट, पण किंमत मुदतीच्या जेमतेम २ पट. तिथे ९ च्या आसपास हवं होतं.

सर्वांत विसंगत जोड्या उतरत्या क्रमाने दाखवणारं मोफत टूल किंवा आर या संख्याशास्त्रीय प्रोग्रामिंग भाषेचं पॅकेज कोणतं? आकडे आपोआप दुरुस्त करणारं नको. मत बदलायचं तर ते देणाऱ्यानेच बदलावं.

दुसरं, पहिल्या पर्यायासारखाच पाचवा घातला की पहिला-दुसरा अदलाबदल होतात. प्रत्येक निकषाखालच्या पर्यायांच्या आकड्यांना स्तंभाच्या बेरजेऐवजी त्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्याने भागलं की हे थांबतं. समितीपुढे यातला कोणता निकाल ठेवता? टॉपसिस (आदर्श पर्यायापासूनच्या अंतरावरून क्रम लावणारी पद्धत) सुचवू नका, क्रम तिथेही उलटू शकतो.