व्हिडिओ अडकतो, नुसता आवाज आणि बोर्ड यावर भूमिती शिकवता येईल का?

राजापूरचा_मामा:
मी ठाण्यात, भाची गावाला राजापूरजवळ, यंदा दहावी. शनिवार-रविवार तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना व्हिडिओ कॉलवर भूमिती शिकवतो, म्हणजे प्रयत्न करतो. स्क्रीन शेअर केली की आकृती धुरकट, आवाज तुटक, "मामा परत सांग ना" यातच अर्धा तास जातो. माझं थोबाड नाही दिसलं तरी चालेल, आवाज आणि आकृती एकत्र पाहिजे. काय वापरू?

खडू_फळा:
आधी स्क्रीन शेअर बंद कर, तो शेवटी व्हिडिओच, नेट मंद झालं की बारीक अक्षरं पहिली जातात. एक्सकॅलिड्रॉसारखा शेअर्ड बोर्ड घे, ब्राउझरमध्ये लिंक उघडली की झालं, त्यात रेघेचे बिंदू तेवढे जातात म्हणून हलकं पडतं. शिवाय पोरींनाही त्याच आकृतीवर लंब काढता येतो. आवाजाला लागतंच किती, सेकंदाला ३२ किलोबिट (केबीपीएस) धरलं तर तासाला १४-१५ एमबी.

घाटावरचा:
आवाज नेटवर ठेवूच नकोस, साधा कॉन्फरन्स कॉल लाव. नेट गेलं तरी बोलणं चालू राहतं.

राजापूरचा_मामा:
लावला. पण भाचीचा कॉल चालू झाला की तिचा बोर्ड जागच्या जागी थांबतो 😐

घाटावरचा:
तिच्या फोनवर व्हीओएलटीई, म्हणजे ४जीवरूनच कॉल करायची सोय, बंद असणार. मग कॉलसाठी फोन २जीवर उतरतो आणि डेटा थांबतो. सेटिंगमध्ये चालू कर. कॉल एका सिमवर, नेट दुसऱ्यावर असेल तरी बऱ्याच फोनात हेच होतं, दोन्ही एकाच सिमवर घे.

बाई_गणिताच्या:
अजून एक, आवाज आधी पोचतो, रेघ मागून येते. त्यामुळे "हा कोन बघा" म्हणून उपयोग नाही, "कोन एबीसी" असं नाव घेऊनच बोलायचं, आणि रेघ मारली की "दिसली का" विचारून थांबायचं. बोर्डला शेवट नसतो, मोबाइलवर एक पोरगी वरच्या कोपऱ्यात, दुसरी भलतीकडेच, आणि आपण आपलं बोलतोय! मी आधी एक चौकट काढते, सगळ्यांना तेवढीच स्क्रीनभर करायला लावते, आकृती त्याच्या बाहेर न्यायचीच नाही.

राजापूरचा_मामा:
व्हीओएलटीईच होतं, थँक्यू. काल पायथागोरसची सिद्धता चौकटीत बसवली. भाचीने शिरोलंब भलत्याच बाजूवर टाकला, मी बोलायच्या आत मैत्रिणीने खोडला आणि मग दोघींची पाच मिनिटं भांडणं, आवाज मात्र एकदम क्लिअर 😄