टेबल सॉ घ्यायचाय, किकबॅकच्या दृष्टीने काय बघू? (सल्ला हवा)

हौशी_रंधा:
नमस्कार मंडळी. नाशिकला घरामागच्या शेडमध्ये हौसेखातर सुतारकाम करतो. सागाच्या फळ्या उभ्या चिरायला आता टेबल सॉ (टेबलातून वर आलेली गोल करवत) हवाय. दोन पर्याय आहेत. एका कारखान्यातला जुना १० इंची, ओतीव लोखंडाचा टेबल, मोटर दणकट, पण ब्लेडवरचं कव्हर आणि ब्लेडमागची पट्टी दोन्ही गायब. "ते कोणी लावतच नाही हो," इति मालक. दुसरा नवा पोर्टेबल, भाव जवळपास दुप्पट. मला बोटांपेक्षा फळी उलटी अंगावर येण्याची, म्हणजे किकबॅकची, धास्ती जास्त आहे. जुनाच घेऊन सुरक्षित करता येईल का?

सागवेडा:
पट्टी नसेल तर फुकट दिला तरी नको. नवा घ्या.

कोल्हापुरी_करवत:
सागवेडा यांच्याशी सहमत, पण कारण सांगतो. आमचा फर्निचरचा कारखाना आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

ब्लेडचे पुढचे दात खाली जातात आणि फळी टेबलावर दाबून धरतात. मागचे दात वर येतात, सगळी भानगड तिथे. चिरता चिरता फळीचे दोन भाग मिटून ब्लेड आवळलं, किंवा फळी फेन्सपासून (फळी टेकवून पुढे सरकवायचा बाजूचा सरळ आधार) किंचित सुटून तिरकी झाली, की मागचे दात तिला उचलतात आणि थेट तुमच्याकडे फेकतात. ४००० आरपीएमला १० इंची ब्लेडच्या दाताचा वेग ताशी १९० किमीच्या आसपास जातो. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. आणि बोटं वेगळी, किकबॅक वेगळा असं समजू नका. फळी सटकली की तिच्यावर दाब देणारा हात आधार सुटून ब्लेडवर जातो.

ती मागची पट्टी म्हणजे रायव्हिंग नाइफ. चिरलेले भाग ती मिटू देत नाही आणि फळीला मागच्या दातांवर चढू देत नाही. ब्लेडबरोबर वर-खाली होणारीच हवी. जाडी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जास्त, पण दातांनी पाडलेल्या चिरेपेक्षा कमी. समजा पत्रा १.८ मिमी आणि चीर २.६ मिमी, तर पट्टी २.२ च्या आसपास. म्हणूनच बाजारातून स्वस्त, पातळ ब्लेड आणून बसवू नका. चीर पट्टीपेक्षा अरुंद पडली की फळी पट्टीवरच अडते, आणि मग लोक वैतागून पट्टी काढून टाकतात. बहुतेक मशिनींवरची पट्टी अशीच गायब झालेली असते.

"कोणी लावत नाही" म्हणणाऱ्या मालकांना सांगा, महाराष्ट्राच्या १९६३ च्या कारखाना नियमांत गोल करवतीला रायव्हिंग नाइफ, वरचं कव्हर आणि पुश स्टिक (फळी ढकलायची काठी) ही तिन्ही सांगितलेली आहेत. टेबलाच्या पातळीवर पट्टी आणि दात यांत १० मिमीपेक्षा जास्त अंतर नको, इतकं स्पष्ट.

खटपट्या:
आमचे मिस्त्री प्लायला भोक पाडून चार इंची मार्बल कटर खालून उलटा बसवतात. कव्हर नाही, पट्टी नाही. वर्षानुवर्षं चाललंय, काही झालं नाही. उगाच घाबरवू नका हो नवीन माणसाला.

कोल्हापुरी_करवत:
खटपट्या, ज्यांना झालं ते आता कटर चालवत नाहीत, म्हणून तुम्हाला भेटत नाहीत. तो जुगाड तर सगळ्यात वाईट.

हौशी_रंधा:
जुन्या मशीनला फॅब्रिकेटरकडून पट्टी बनवून घेतली तर?

सागवेडा:
टेबलाला पक्की बसवलेली पट्टी होईल, पण ती ब्लेडबरोबर हलणार नाही. खाच पाडायच्या वेळी काढावी लागेल आणि परत कोणी लावत नाही. नव्या मशीनचं कव्हर काढलं तरी पट्टी ब्लेडच्या टोकाखाली ठेवता येते, खाच पाडतानाही जागेवर राहते. डिवॉल्टच्या १० इंचीला फेन्स दातेरी रुळावर सरकते, दोन्ही टोकं बरोबर हलतात. हौशी माणसाला ते फार सोयीचं. फेन्स मागच्या बाजूला ब्लेडकडे झुकलेली नाही ना, ते मात्र कुठल्याही मशीनवर मोजून बघा. केसभर बाहेर चालेल, आत नको.

ऑरेगॉनकर:
इकडे अमेरिकेत सॉस्टॉप नावाचा टेबल सॉ मिळतो. कातडीचा स्पर्श झाला की ॲल्युमिनियमचा ठोकळा ब्लेडमध्ये घुसतो आणि ५ मिलिसेकंदांच्या आत ब्लेड थांबतं. ब्लेड आणि त्या ठोकळ्याचं कार्ट्रिज दोन्ही बाद, बोट शाबूत. पण त्यानं किकबॅक थांबत नाही. त्याच्यासाठी त्या महागड्या मशीनलाही रायव्हिंग नाइफच लागते.

कोल्हापुरी_करवत:
अगदी. आता मशीन सोडून सवयींचं. हौशी लोक इथेच मार खातात.

फेन्सला लागणारी कड रंध्यानं सरळ केल्याशिवाय फळी लावायची नाही. वाड्याचा जुना साग असेल तर आधी खिळे शोधा. मायटर गेजनं (टेबलावरच्या खाचेत सरकणारा, फळी आडवी धरायचा आधार) आडवं कापताना फेन्सला टेकवून माप घेऊ नका. सुटलेला तुकडा ब्लेड आणि फेन्समध्ये अडकतो आणि गोळीसारखा येतो. माप हवंच असेल तर फेन्सला ब्लेडच्या बऱ्याच अलीकडे एक ठोकळा क्लॅम्प करा, म्हणजे कापताना तुकडा मोकळा राहतो. फेदरबोर्डही (फळी फेन्सला दाबून धरणारा, लवचिक दात्यांचा लाकडी तुकडा) ब्लेडच्या अलीकडेच. ब्लेडशेजारी लावला तर चीर तोच आवळतो. उभं राहायचं ब्लेडच्या रेषेतून बाजूला. मधेच अडकलं तर फळी मागे ओढायची नाही, तशीच धरून मशीन बंद. हातमोजे नकोत.

हौशी_रंधा:
ठरलं, नवाच घेतो. आमच्याकडे लाइट सारखी जाते-येते. त्यासाठी काही वेगळं?

सागवेडा:
लाइट आल्यावर मशीन आपोआप सुरू होता कामा नये. दुकानात स्विच चालूच ठेवून प्लग काढून परत लावायला सांगा. ब्लेड फिरलं तर तो स्विच नको. शेतपंपाच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते ना, तसलं हवं. ब्लेडचं म्हणाल तर उभं चिरायला २४ दाती, प्लायला ६० दाती. दोन्ही घेताना पट्टीवर कोरलेली जाडी फोटो काढून दुकानात न्या.