प्रति: पट्टा स्वच्छ, पण एमकॅडची क्रिया कमी का?
एमकॅड (मध्यम लांबीची मेदाम्लं तोडणारं एन्झाइम) जिवाणूंत बनवून शुद्ध केलं; प्रथिनं वेगळी करणाऱ्या जेलवर ४४ किलोडाल्टनच्या आसपास एकच पट्टा, तरी ऑक्टॅनॉइल-कोएवर (त्याच्या नेहमीच्या सब्स्ट्रेटवर, म्हणजे ज्यावर ते काम करतं त्या रेणूवर) क्रिया कमी, असं विचारलंय. जेलवरून शुद्धता कळते, एफएडी (एन्झाइमला कामासाठी लागणारा पिवळा सहघटक) बसलंय का ते कळत नाही. आधी २७० आणि ४५० नॅनोमीटरला शोषण मोजा. २७० भागिले ४५० हे गुणोत्तर ६ च्या आसपास हवं. ते दुप्पट आलं, तर एन्झाइमचे जवळपास निम्मे उपघटक एफएडीविना रिकामे आहेत. चांगलं एन्झाइम डोळ्यांनाही पिवळं दिसतं.

एफएडी नीट बसावं यासाठी इंडक्शन (जिवाणूंत प्रथिननिर्मिती सुरू करणं) ३७ ऐवजी १८–२० अंशांवर रात्रभर करा, सोबत ग्रोईएल-ग्रोईएस (घडी घालायला मदत करणारी प्रथिनं) व्यक्त करा आणि पेशी फोडतानाच्या बफरमध्ये १०–२० मायक्रोमोलर एफएडी घाला. नंतर मोकळं एफएडी डिसॉल्टिंगने (छोटे रेणू वेगळे करणाऱ्या स्तंभाने) काढा, नाहीतर हेच गुणोत्तर फसवं येतं. वापरलेल्या जनुकरचनेतून सुरुवातीची २५ अमिनो आम्लं (मायटोकॉन्ड्रियात नेणारा संकेत) वगळली आहेत ना, तेही बघा.

दुसरा संशय बफरमधल्या डीटीटीवर (क्षपण करणारं रसायन). ३०० नॅनोमीटरच्या क्रिया-चाचणीत एन्झाइमकडून इलेक्ट्रॉन घेणारं फेरोसिनियम डीटीटी स्वतःच क्षपित करतं. मर्कॅप्टोइथेनॉलही तेच करतं. बफर बदला आणि सब्स्ट्रेटविना ब्लँक (तुलनेची चाचणी) प्रत्येक वेळी लावा. ऑक्टॅनॉइल-कोएचा थायोएस्टर बंध अल्कधर्मी द्रावणात तुटतो. म्हणून त्याचा साठा पीएच ६ ला, छोट्या भागांत विभागून, उणे ८० अंशांवर ठेवा.